न घेतलेली शपथ

बाबा, आपल्या धानाच्या सगळ्या बांध्यांत चिखल तयार आहे, पऱ्ह्यांची रोपं रोवायच्या उंचीची झाली आहेत, आणि गावातली एकही बाई आपल्या रोवणीला येणार नाही. येत्या रविवारी गावदेवीच्या, मातामायच्या ओट्याजवळ मी शपथ घेतली तर सोमवारी सकाळी पूर्ण टोळी आपल्या शेताच्या धुऱ्यावर उभी राहील. नाही घेतली तर मी आणि आई. तुम्ही जाऊन तेरा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मी तुम्हाला काही लिहिलं नाही, कारण तुम्हालाच विचारावा असा प्रश्न आला नव्हता. आता आला आहे. ज्यांना विचारता येण्यासारखं होतं त्या सगळ्यांना विचारून झालं आणि ज्यांनी दिलं त्यांचं उत्तर एकच आलं, म्हणून ड्युटीवर बसून दुपारी हे लिहिते आहे. बाहेर ऊन-ढग चालू आहे, आत ट्रान्सफॉर्मरचा आवाज आहे. तो आवाज बदलला की मी उठेन, तोवर लिहीन.

तुम्हाला माहीत नसलेलं आधी सांगते. तुम्ही गेलात तेव्हा मी अकरावीत होते आणि मी नर्स होणार असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. मी आयटीआयला इलेक्ट्रिशियन केलं, मग गोंदियाला डिप्लोमा, आणि आता सालेकसा रस्त्यावरच्या एका वीज उपकेंद्रात ऑपरेटर आहे. काम सांगायला सोपं आहे. मोठी लाईन इथे येते, इथून लहान लाईनी गावोगाव जातात, त्यांना फीडर म्हणतात. कोणता फीडर केव्हा चालू, केव्हा बंद, हे वरून ठरलेलं असतं. मी ते ठरल्याप्रमाणे करते आणि बिघाड झाला तर कळवते. त्यातला एक फीडर जंगलातून आपल्या गावच्या शेतीपंपांना जातो. म्हणजे गावातल्या प्रत्येकाची मोटर माझ्या समोरच्या पॅनलवरून चालते. गावात माझ्या पदाचं नाव कोणाला येत नाही, ‘लाईटवाली’ म्हणतात. पाऊस ओढला की फोन सुरू होतात. “पोरी, लाईट कवा येते व?” मी सांगते, तीनला. “पक्का ना?” तीनला, काकाजी. पाच मिनिटांनी त्याच घरातून दुसऱ्याचा फोन येतो. पहिल्यावर विश्वास नसतो म्हणून नाही. फोन हातात असतो म्हणून.

तुम्ही ज्या तऱ्हेनं गावात राहिलात ती तऱ्हा मी अलीकडे वारंवार तपासून बघते. मिशनच्या दवाखान्यात दहा वर्षं चादरी धुऊन तुम्ही परत आलात तेव्हा प्रभूला मानणारे गावात तुम्ही एकटे होतात. मग आई, मग आणखी दोन-तीन घरं. रविवारची प्रार्थना आपल्या पडवीत. पेरणीआधी प्रत्येक घरानं आपलं मूठभर बियाणं मातामायपुढे ठेवायचं, त्याशिवाय कोणी पेरायचं नाही, हा गावाचा नेम. तुम्ही बियाणं ठेवत नव्हता. पण मांडवाचे बांबू तुम्ही तोडून आणायचे, खड्डे तुम्ही खणायचे, दोर तुम्ही बांधायचे, आणि पूजा सुरू झाली की घाम पुसत घरी यायचे. आणि पेरायचे सगळ्यांच्या शेवटी. गावातली शेवटची मूठ मातीत पडल्याशिवाय तुम्ही स्वतःच्या शेतात पाय ठेवला नाहीत, म्हणजे उद्या काही वाईट झालं तर तुमच्या बियाण्यावर बोट यायला नको. आई चिडायची. “लोकाइचे पऱ्हे हिरवे झाले, आपलं अजून गोणीत!” तुम्ही म्हणायचात, “मी हात दिले, जोडले नाई. तेवढं त्याइनं समजून घेतलं. आता चार दिवस थांबणं मी समजून घेतो.” हे मला तेव्हा हुशारीचं वाटायचं. आता वाटतं, तुम्ही दोन्ही बाजूंनी पूर्ण माप भरत होता आणि मधला तोटा गपचूप आपल्या शेतातून काढत होता.

आणि स्वयंपाकघरातला तो दिवस. कंदिलाची काच फुटली होती. मी सहावीत. चुलीपुढे बसून तुम्ही वांगं भाजताय, आणि मी दारातूनच ओरडते, “मी नाई फोडली, देवाशपथ!” तुम्ही वांगं बाजूला ठेवता. हात धुता, पुसता. एवढा वेळ घेता की मला पळून जावंसं वाटतं. मग म्हणता, “काच राहू दे. देवाशपथ म्हटल्यावर खरं बोलते, तर बाकीच्या टाइमाले काय बोलते?” मी रडायला लागले. तुम्ही म्हणालात, “आता नुसतं सांग.” मी म्हटलं, मी नाही फोडली. “झालं. इतकंच असते.” आणि पुन्हा वांग्याकडे वळलात. कोणी फोडली हे तुम्ही विचारलंसुद्धा नाही. पुढे कितीतरी दिवस मला त्याचं आश्चर्य वाटत राहिलं, की एवढ्या साध्या वाक्यावर एका मोठ्या माणसानं विश्वास ठेवला. दहावी झाल्यावर तुम्ही मला आमगावच्या बाजारातून टेस्टर आणून दिलात. पिवळ्या मुठीचा, आत लाल दिवा लागणारा. “हा बी शपथ घेत नाई,” म्हणालात आणि स्वतःच हसलात. तुमचा विनोद मी एवढा एकच जपून ठेवला आहे, कारण तुम्ही फारसे करत नव्हता.

आता यंदाचं सांगते, क्रमानं. गेल्या दोनेक वर्षांपासून गावातली हवा बदलली आहे. कोणामुळे, ते मी लिहीत बसत नाही; बाहेरून बोलणं आलं आणि आतल्या पोरांना ते पटलं. मांडवाचे बांबू आता आपल्या घराकडून मागत नाहीत. आषाढात एका रविवारी आठ-दहा पोरं आपल्या पडवीसमोर येऊन उभी राहिली. त्यांच्यातल्या दोघांना मी चौथीचं गणित शिकवलेलं. एकानं मोबाइल समोर धरला. दुसरा अगदी नीट बोलला, “ताई, हे आता गावात नको.” मी म्हटलं, हे आमच्या घरात आहे. “घर गावातच आहे ना, ताई.” त्या दिवशी पडवीत नऊ माणसं होती. पुढच्या रविवारी तीन: मी, आई, आणि दाराजवळ बसणारे मामा.

हे मामा तुम्हाला आठवत असतील. मुलीच्या लग्नात सोयऱ्यांनी अडवलं म्हणून त्यांनी मातामायपुढे नारळ फोडला होता, आणि सहा महिन्यांनी परत आले होते. तुम्ही त्यांना आत घेतलंत, पाणी दिलंत, जेवायला बसवलंत. पण आधी ते प्रार्थना सांगायचे, ती तुम्ही पुन्हा कधी त्यांना सांगायला लावली नाही. ते दाराजवळ बसू लागले. तुम्ही गेल्यावर आईनं किती वेळा म्हटलं, मामा, आत बसा. ते म्हणतात, इथं हवा लागते. तेच मामा आता उरले आहेत. जे पक्के होते ते आता सालेकशाच्या बाजाराच्या दिवशी लांबून हात करतात.

प्रार्थना थांबवायला पोरं आली त्यानंतर पंधरा दिवसांच्या आत फीडर गेला. पावसानं दडी मारली होती, सगळे पऱ्हे मोटरच्या पाण्यावर तगून होते. माझी दुपारची शिफ्ट होती. ब्रेकर आपोआप पडला, पॅनलवर अर्थ फॉल्टची खूण आली, म्हणजे लाईनवर कुठेतरी वीज जमिनीत उतरते आहे. नियमाप्रमाणे एकदा चालू करून पाहिला, टिकला नाही. मी लाईनमनला कळवलं. त्याच्या माणसांनी ती संध्याकाळ आणि दुसरा पूर्ण दिवस जंगलातली लाईन पायी तपासली. खांबावर तार धरणाऱ्या एका चिनी मातीच्या चिमणीला केसाएवढी चीर होती. खालून दिसतच नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी सापडली, बदलली, मी फीडर चालू केला. तांत्रिकदृष्ट्या यात काहीही विशेष नाही. पण त्या दिवसांत शेजारच्या फीडरवरच्या गावात मोटरी चालू होत्या आणि आपल्या गावात नव्हत्या. उंचावरच्या बांध्यांतले पऱ्हे करपले. खरं तर ते आधीच्या कोरड्या आठवड्यांतच करपत आले होते, पण लोकांच्या लक्षात राहिले ते हे दिवस. आपले पऱ्हे बोडीच्या तळ्याखालच्या अंगाला, ओलीत, आणि सगळ्यांच्या मागून टाकलेले. ते हिरवेगार राहिले. मग गावानं हिशोब जुळवला. हिची प्रार्थना बंद केली, हिनं लाईट बंद केली, हिचे पऱ्हे तेवढे वाचले. मी त्यांच्या जागी असते तर मलाही तो हिशोब पटला असता. त्यात एकही आकडा चुकीचा नाही, फक्त उत्तर चूक आहे.

मला ओट्याजवळ बोलावलं. बोलणारे होते काकाजी, आपल्या शेजारच्या शेताचे, तुमच्यासोबत मांडवाचे बांबू तोडायला जायचे ते. मी चिमणीचं सांगितलं, लाईनमनला फोन लावून देते म्हटलं. मागून कोणीतरी म्हणालं, “तो बी हापिसचा, हे बी हापिसची. चोराची साक्ष मोर.” लोक हसले. काकाजी हसले नाहीत. म्हणाले, “पोरी, आमी तुले खोटारडी नाई म्हणत. मायपुढे हात ठेव, शपथ घे का म्या बंद नाई केली. खतम. मंग कोनी एक शब्द बोलन तर मी हाओ.” मी म्हटलं, मी बंद नाही केली. “तेच शपथेवर सांग.” मी म्हटलं, मी सांगितलं, काकाजी. “मंग शपथ कायले नाई घेत?” मी म्हटलं, शपथ घेतली तर आता जे दोनदा सांगितलं त्याचं काय होते? काकाजी तोंडातला तंबाखू बाजूला थुंकून म्हणाले, “तुहा बाप बी असाच ठस होता.” ते कौतुक होतं की तक्रार, मला ओळखता आलं नाही. घरी पोचायच्या आत निरोप पोचला होता: आपल्या रोवणीला जी बाई जाईल तिला गाव दंड लावेल. आणि पाठोपाठ पाऊस आला, असा की सगळ्या गावाच्या बांध्या एकदम तयार.

त्या दिवसापासूनही माझी ड्युटी आहेच. फोन येत राहतात, आता फक्त बायांचे आणि पोरांचे. मोठी माणसं त्यांच्या मागे बसून विचारायला लावतात हे आवाजावरून कळतं. मी वेळ सांगते. वेळ झाली की ब्रेकर चालू करते. हात थांबला असता तर इथे लिहिलं असतं, थांबला नाही. यात मला माझा मोठेपणा दिसत नाही. वेळ म्हणजे वेळ. पण कधी कधी चालू केल्यावर मीटरचा काटा चढताना बघते आणि मनात म्हणते, ही काकाजींची, ही माझ्या वर्गमैत्रिणीची, ही त्या मोबाइलवाल्याची. सगळ्या मोटरी एकाच काट्यात. त्यांनी मला वेगळं काढलं आहे आणि मला त्यांना वेगळं काढता येत नाही.

काल काकाजी धुऱ्यावर आले. वाळीत टाकलेल्यांच्या धुऱ्यावर येण्याची जोखीम त्यांनी माझ्यासाठी घेतली, हे नोंदवून ठेवते. म्हणाले, “मी गावाले मनवलं. मायची शपथ नको घेऊ. तुहं पुस्तक आन. तुह्या देवाच्या पुस्तकावर हात ठेव. एवढं तं होते?” मी म्हटलं, मी बंद नाही केली, काकाजी. “आमी आमच्या मायच्या ओट्यावर तुहं पुस्तक ठेवू देऊन राहिलो, पोरी. तुह्या बापाच्या काळात बी असं नाई झालं.” खरं आहे. त्यासाठी ते किती जणांशी भांडले असतील याचा मला अंदाज आहे. आणि मला हो म्हणता येईना.

तुम्ही कशावरच हात ठेवला नाही, पुस्तकावरही नाही. त्यातूनच जे शिकलात ते असं की शपथ घ्यायचीच नाही. मग ती कोणाच्याही नावाची असो. गोंदियाच्या चर्चमधल्या पाळकांना मी फोन केला. ते म्हणाले, “ताई, कोर्टातसुद्धा घेतात. प्रभू मन बघतो. तुमच्या आईचा विचार करा.” दाराजवळच्या मामांना विचारलं तर ते चप्पल शोधायला लागले. “म्या तं नारळ फोडला होता व. मले नको विचारू.” आणि आई. आई काल चुलीपुढे बसून म्हणाली, “घे ना. पुस्तक आपलं, देव आपला, खरं बी आपलंच. मंग नडलं कोठी? तुमचा बाप-लेकीचा खरेपणा, आन चिखलात उभी मी.” मी म्हटलं, मी सुट्टी टाकते, आपण रोवू. “दोघी? सहा बांध्या?” ती हसली. ते हसणं ऐकायला तुम्ही नव्हता हे बरं झालं.

तर प्रश्न हा आहे. एक खरं वाक्य मी तीन वेळा सांगितलं आहे. चौथ्यांदा पुस्तकावर हात ठेवून सांगितलं तर आईची कमर वाचते, वर्षाचं धान घरात येतं, पडवीसमोर कदाचित पुन्हा चपला दिसतात. नुकसान कोणाचं? बिघाड शोधताना मी लाईन तुकड्या-तुकड्यानं बंद करून बघते, कुठल्या तुकड्यात आहे ते कळतं. इथेही तसं करून पाहिलं. माय बाजूला काढली, गाव बाजूला काढलं, पोरं बाजूला काढली. आता फक्त माझं पुस्तक आणि माझा हात उरला आहे, आणि बिघाड अजून आहे. मी बाहेर पडायची प्रत्येक वाट कोणीतरी प्रेमानं उघडून धरली आहे आणि मी त्यातल्या एकीतूनही जाऊ शकत नाही.

ट्रान्सफॉर्मरचा पंखा सुरू झाला. थांबते.

पुढचं काही दिवसांनी लिहिते आहे. तारीख टाकत नाही.

रविवारी सकाळी आई माझ्या पुढे चालत होती. पुस्तक तिनं तुमच्या जुन्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळून छातीशी धरलेलं. तिला वाटत होतं की तिथे पोचल्यावर मी घेईन. ओट्यावर काकाजींनी आपला नवा दुपट्टा अंथरला. त्यावर आईनं पुस्तक ठेवलं. आणि बाबा, लोकांनी चपला काढल्या. कोणी सांगितलं नव्हतं. जिथे मायसाठी काढतात तिथेच आपल्या पुस्तकासाठी काढल्या, त्या मोबाइलवाल्या पोरानंसुद्धा. त्यांनी मला धमकावलं असतं तर माझं काम सोपं झालं असतं.

मी पुढे गेले. दोन्ही हात मागे बांधून घेतले, म्हणजे चुकून वर जायला नकोत. म्हटलं, “मी लाईट बंद केली नाही. पुस्तक इथं नसतं तरी हेच सांगितलं असतं, आन आहे तरी हेच.” काकाजी म्हणाले, “हात ठेव.” मी म्हटलं, माझं बोलणं झालं, काकाजी. बायांमधून माझी वर्गमैत्रीण ओरडली, “ठेव ना व हात! हात ठेवाले का लागते? आमाले तुह्याकडे येऊ दे ना!” तिच्या आवाजात राग होता आणि रागापेक्षा दुसरंही काही होतं. आईनं माझ्याकडे पाहिलं नाही. मागून तो पोरगा म्हणाला, “पाहा, आपल्या देवावर बी हात नाई ठेवत. मंग काय राहिलं?” त्याचं चुकलं असं मला म्हणता येत नाही. शपथ न घेणारं माणूस त्यानं कधी पाहिलेलं नाही. खोटं बोलणारं पाहिलं आहे. काकाजींनी पुस्तक उचलून आईच्या हातात दिलं, दोन्ही हातांनी. दुपट्टा झटकला, घडी केली. “तुह्या बापासंग भांडता येत होतं, पोरी,” म्हणाले. “तुह्यासंग ते बी नाई.”

मग आम्ही रोवलं. मी सुट्टी टाकली. आई, मी, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी धुऱ्यावर दाराजवळचे मामा, धोतर वर खोचून, कोणाकडे न बघता. त्यांना गावानं दंड लावला. “लावू दे,” म्हणाले. “मले रांगेत रोवता येते, अजून भुललो नाई.” आई माझ्याशी फक्त कामाचं बोलत होती. जुडी दे. सरळ धर. इकडे खोल आहे. दोन बांध्या पूर्ण झाल्या आणि तिसऱ्या बांधीच्या मध्यावर आईची कमर धरली. चार जुड्या तशाच चिखलात टाकून आम्ही तिला घरी आणलं. पऱ्हे निम्म्याहून जास्त उरले, खालून पिवळे पडायला लागलेले. आणखी आठवडाभरानं ते गुरांच्या कामाचे.

त्या संध्याकाळी वर्गमैत्रिणीचा फोन. “लाईट कवा?” मी वेळ सांगितली. तिनं फोन ठेवला नाही. “तुहे पऱ्हे उरले म्हणते.”

“उरले.”

“आमचे तं जळाले. देवरीकडून आनाले सांगून राहिले, कोठी परवडते. उपटून नेऊ काय व?”

“ने.”

“पैसे—”

“नको.”

“गावात नको सांगू, हं.”

“मले कोन विचारते?”

ती हसली आणि तिनं फोन ठेवला. तिच्या शेताला लागतील त्यापेक्षा कितीतरी जास्त पऱ्हे दुसऱ्या दिवशी सकाळी उपटलेले होते. म्हणजे ती एकटी आली नव्हती. धुरा कुठे तुडवला नव्हता, आम्ही रोवलेल्या बांध्यांत एक पाय पडला नव्हता. कोणी आले ते मी शोधलं नाही. आई काठी टेकत आली, रिकाम्या जागेकडे बघत उभी राहिली आणि म्हणाली, “घ्या. तुहं बोलनं नाई चालत त्याइले, तुहे पऱ्हे चालतात.” मग ती जोरात हसली, कमर धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. ओट्यावरच्या दिवसानंतर ती माझ्याशी पहिल्यांदा कामाव्यतिरिक्त बोलली होती. रोवणीला मात्र कोणी आलं नाही. वाळीत होतो तसेच आहोत. आपल्या साडेतीन बांध्या पडीत आहेत आणि रस्त्यावरून स्पष्ट दिसतात.

रविवारी पडवीत आम्ही तिघं असतो. गेल्या वेळी आईनं मामांना प्रार्थना सांगायला लावली. ते नको म्हणाले, मग दाराजवळ बसूनच सांगितली. त्यांनी गावाच्या धानासाठी मागितलं, काकाजींच्या गुडघ्यांसाठी मागितलं, त्या मोबाइलवाल्या पोराला नोकरी लागावी म्हणून मागितलं. आपल्या पडीत बांध्यांचं काही मागितलं नाही, विसरले असावेत. मी डोळे मिटून ऐकत होते आणि मला कळलं की या माणसाची श्रद्धा माझ्यापेक्षा घट्ट आहे. तो पडला, उठून परत आला, तुम्ही दाराशी बसवलंत तर तेरा वर्षांहून जास्त दाराशी बसला, आणि ज्या दिवशी चिखलात उतरायचं होतं त्या दिवशी उतरला. मला सगळे घट्ट समजतात. पाळकांनी परवा फोन करून म्हटलं, “ताई, तुमच्यापासून शिकण्यासारखं आहे.” मी विषय बदलला.

हे कुठे ठेवायचं नाही, कोणाला वाचायला द्यायचं नाही. शिफ्ट संपली की फाडून टाकेन, म्हणून शेवटचं लिहिते. ओट्यासमोर हात मागे बांधून उभी होते तेव्हा लोकांना वाटलं मी देवाला घाबरले. पाळकांना वाटतं मी त्याच्यासाठी उभी राहिले. आईला वाटतं हट्ट. बाबा, त्या वेळी मी त्याचा विचारच केला नाही. मी हात ठेवला असता तर त्यानं मला माफ केलं असतं, याची मला पूर्ण खात्री होती. तुमची नव्हती.